करडईवरचा मावा नुसत्या गोड रसावर जगतो कसा? आणि त्याच्यावर अँटिबायोटिक मारायचं का?

काळी_माती

रामराम मंडळी. दोन प्रश्न आहेत, एक पोरीचा आणि एक माझा. पोरीचा आधी सांगतो कारण माझा त्यातनंच निघालाय.

मंगळवेढ्याकडं आमची कोरडवाहू जमीन, दीड एकर करडई. यंदा परतीचा पाऊस लांबला, वाफसाच येईना, पेरणी व्हायला ऑक्टोबर सरला आणि आता काळ्या माव्यानं शेंडे नुसते भरलेत. चिकटा एवढा पडलाय की खालची पानं उन्हात चमकतात, काहींवर काजळी धरलीय, मुंगळ्यांची वरखाली ये-जा चालूच. रविवारी पोरगी सोबत आली होती, नववीला आहे. तिनं शेंडा धरून बघितला आणि म्हणाली पप्पा ही कीड नुसता रस पिते ना, रसात तर साखर आणि पाणी, मग हिला एवढी पिल्लं कशी होतात, प्रोटीन कुठनं येतं? आम्हाला मॅडम सांगतात प्रोटीनशिवाय अंग वाढत नाही, डाळ खा. आता ह्याला मी काय सांगणार, म्हणलं विचारून सांगतो.

सोमवारी औषध आणायला गेलो तर दुकानदाराला सहज बोललो. तो म्हणला अहो किडीच्या पोटात बॅक्टेरिया असतात, ते तिला पोसतात, ते मेले की कीड गेली. म्हणून कीटकनाशकात स्ट्रेप्टोसायक्लिन ह्या अँटिबायोटिकच्या दोन पुड्या टाका. म्हणजे डाळिंबाच्या तेल्या रोगाला मारतो तीच पुडी. गडी छातीठोक सांगत होता पण मला शंका आली, कारण त्याच्याकडं पुड्यांचा स्टॉक पण बराच दिसत होता. हे खरं आहे का? पुडी घेतलेली नाही अजून.

भिंगवाली

दादा, तुमच्या दुकानदाराचं अर्धं वाक्य खरं आहे आणि अर्धं विकायचं आहे. कीटकशास्त्रात एमएस्सी केलंय, मावा दोन वर्षं भिंगाखाली बघितलाय, त्यामुळे हे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी मुलीचा प्रश्न. करडईच्या रसवाहिनीतून जो रस मावा ओढतो त्यात साखर रग्गड असते. अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांपासून प्रोटीन बनतं तो कच्चा माल, ती पण असतात, अगदीच नसतात असं नाही. पण नको ती जास्त आणि हवी ती कमी. प्रोटीन बांधायला वीस प्रकारची अमिनो आम्लं लागतात. त्यातली साधारण दहा प्राण्यांना स्वतःला तयार करता येत नाहीत, ती खाऊनच मिळवावी लागतात. आपण वरण-भात खातो, भाकरीसोबत पिठलं खातो, डाळीत जे कमी ते भाताने भरून निघतं. माव्याकडे ताट एकच आणि पदार्थही एकच. त्यामुळे तो रस पितो भरमसाट, आणि जी साखर उरते ती मागून टाकून देतो. तुमच्या पानांवर चमकतो तो चिकटा म्हणजे हीच टाकलेली साखर, मुंगळे येतात तेही तिच्यासाठीच.

मग ती दहा येतात कुठून? तर ती बॅक्टेरिया बनवून देतात. इथे दुकानदाराला एक दुरुस्ती, ते पोटात म्हणजे आतड्यात नसतात. माव्याच्या अंगात त्यांच्यासाठी वेगळ्या मोठाल्या पेशी असतात, बॅक्टेरियोसाइट म्हणतात, एका माव्यात साठ-सत्तरच्या आसपास. त्या पेशी ह्या बॅक्टेरियांनी खच्चून भरलेल्या असतात. अगदी पोत्यात हरभरे भरावेत तशा. १८५८ मध्ये हक्सलीने माव्यात हे पेशींचं गाठोडं बघितलं होतं पण हे बॅक्टेरिया आहेत हे कळायला १९१० उजाडलं. पुढे पाउल बुखनर नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने सगळी हयात अशाच जोड्या शोधण्यात घालवली, त्याच्यावरून ह्या बॅक्टेरियाचं नाव बुखनेरा.

काम कसं चालतं ते बघा. माव्याच्या शरीरात नायट्रोजनचा जो टाकाऊ माल तयार होतो, अमोनिया वगैरे, आणि रसातून जी साधी अमिनो आम्लं येतात, ती बॅक्टेरियाकडे जातात. बॅक्टेरिया त्यांपासून हवी ती दहा बनवून परत देतात. काही ठिकाणी तर एकाच पदार्थाच्या पहिल्या पायऱ्या बॅक्टेरिया करतो आणि शेवटची पायरी मावा करतो. जुन्या गावगाड्यातलं बलुतं आठवा, सुतार-लोहाराने काम करायचं आणि घरधन्याने खळ्यावरून धान्य द्यायचं, पिढ्यानपिढ्या तीच घरं बांधलेली. हे बलुतं किमान पंधरा कोटी वर्षं चालू आहे.

आणि ते पुढच्या पिढीत जातं कसं ते मुलीला जरूर दाखवा. मोबाईलला लावायचं भिंग मिळतं, स्वस्तात, ते घ्या आणि एखादी जाडी मादी नुसती बघत बसा. आपल्याकडे हंगामात ज्या दिसतात त्या सगळ्या माद्याच, नर लागत नाही, अंडी पण नाहीत, सरळ पिल्लू बाहेर येतं. उलटं येतं, आधी बूड, मग पाय झाडत बाकीचं अंग, आणि थोड्या वेळात ते स्वतः सोंड खुपसून बसतं. त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच धरलेलं असतं, म्हणजे आजीच्या पोटात नात. बॅक्टेरिया आईकडून गर्भात, गर्भ अगदी लहान असतानाच शिरतात. त्यामुळे जन्माला येणारं प्रत्येक पिल्लू आपली शिदोरी घेऊनच येतं, बाहेरून कुठून ते मिळवावे लागत नाहीत. मिळणारही नाहीत, कारण ते बाहेर जगतच नाहीत.

का जगत नाहीत तेही भारी आहे. २००० साली जपानमधल्या लोकांनी बुखनेराचा सगळा जीनोम वाचला. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा त्याचा भाऊबंद, त्याची जनुकांची पोथी ४६ लाख अक्षरांची. बुखनेराची फक्त ६ लाख ४० हजार. कोट्यवधी वर्षं आयतं राहायला-खायला मिळाल्यावर जे लागत नव्हतं ते सगळं गळून गेलं, बाहेरच्या जगात लागणारी संरक्षणाची जनुकं गेली, कवच बनवायची गेली. पण माव्याला जी अमिनो आम्लं हवीत ती बनवायची जनुकं मात्र जागच्या जागी. आणि जी मावा स्वतः बनवू शकतो त्यांची बहुतेक गायब.

आता पुडी. लॅबमध्ये हा प्रयोग खूप वेळा झालाय, अँटिबायोटिक सुईने टोचून किंवा पातळ पडद्यामागे साखरपाण्यात मिसळून माव्याला पाजतात. मावा लगेच मरत नाही. खुरटतो, अंग धरत नाही, आणि पिल्लं होत नाहीत किंवा एखाद-दुसरं होतं. म्हणजे तत्त्व खरं आहे. पण शेतात तुम्ही पानावर मारलेलं औषध आधी पानात शिरायला हवं, मग रसवाहिनीत, तिथून माव्याच्या आतड्यात, आतड्यातून रक्तात, रक्तातून त्या खास पेशीत, आणि पेशीच्या आतही प्रत्येक बॅक्टेरिया माव्याने दिलेल्या एका पडद्यात गुंडाळलेला असतो त्याच्या आत. एवढे दरवाजे ओलांडून पंपातल्या पुडीचं काय पोचणार? आणि त्या पुडीतलं स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या टीबीवरचं औषध आहे. ते रानात उधळलं की मावा राहील बाजूला आणि मातीतल्या, पानावरच्या बाकीच्या बॅक्टेरियांना त्याची सवय होईल. पुडी घेऊ नका.

ढेकूण_पीडित

वरची पोस्ट वाचून मला माझ्या पुण्यातल्या होस्टेलच्या खाटेची आठवण आली. ढेकणांना पण असले बलुतेदार असतात का? कारण आमच्या रूमवर जे होते ते अत्यंत सुदृढ होते, रेक्टर म्हणायचे तुम्ही गादी उन्हात टाकत नाही म्हणून. आणि रक्तात तर प्रोटीन भरपूर आहे मग त्यांना गरज काय?

आठवीचे_सर

गरज आहे, फक्त वस्तू वेगळी. रक्तात प्रोटीनला तोटा नाही पण बी गटातली व्हिटॅमिनं फार कमी. ढेकणात वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया असतो तो त्याला बायोटिन वगैरे पुरवतो, जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की तो काढून टाकला तर ढेकणाची वाढ खुंटते, अंडी नीट होत नाहीत, आणि रक्तात व्हिटॅमिनं मिसळून पाजली की पुन्हा गाडी रुळावर येते. डोक्यातल्या उवेचं तेच, तिच्यात रिसिया म्हणून एक असतो तो बी ५ बनवतो. आफ्रिकेतली त्सेत्से माशी, जिच्यामुळे झोपेचा आजार होतो, ती आयुष्यभर रक्तावरच जगते आणि तिच्या बॅक्टेरियाचं काम पण बी व्हिटॅमिनं बनवणं हेच. वर्गात मी मुलांना एवढंच सांगतो की किडा काय खातो ते बघा, त्या खाण्यात काय नाही ते शोधा, म्हणजे त्याचा बॅक्टेरिया काय करत असेल ते निम्मं तरी कळतं. झुरळाचं मात्र थोडं वेगळं. ते काहीही खातं, पण नायट्रोजन मिळेल तेव्हा साठवून ठेवतं, युरिक आम्लाच्या रूपात, चरबीच्या पेशींत. ते साठवलेलं पुन्हा वापरात आणायचं काम त्याचे बॅक्टेरिया करतात. वाईट दिवसांसाठी गाडग्यात पुरून ठेवलेले पैसे जसे. म्हणून ओट्याखालच्या झुरळाला दोन आठवडे काही मिळालं नाही तरी ते तुमच्याकडे बघून मिशा हलवत असतं.

भिंगवाली ताई, बलुत्याची उपमा आवडली पण एक हरकत. बलुतेदाराला पटलं नाही तर निदान गाव सोडून मुंबईला गिरणीत तरी जाता येत होतं. बुखनेराने तर परतीची सगळी जनुकंच टाकून दिलीत. ही वेठबिगारी झाली.

भिंगवाली

सर, मान्य. पण मग मावा पण वेठीलाच की. त्यालाही सोडता येत नाही. बॅक्टेरिया बिघडला की घरधनी पण उपाशी, आणि तो बिघडतोच. बंदिस्त जागेत राहून राहून त्याच्यात चुका साठत गेल्या आहेत आणि दुरुस्तीची हत्यारं त्यानेच टाकून दिलीत. सगळ्यात पहिली अडचण उन्हाची.

ज्वारी_बाजरी

हेच विचारणार होतो. आमच्याकडं फेब्रुवारी मध्यानंतर ऊन तापलं की मावा आपोआप हटतो, म्हातारी माणसं पण सांगतात थंडी आणि ढगाळ वातावरण म्हणजे माव्याचं राज्य. ते ह्या बॅक्टेरियामुळं असतं का?

भिंगवाली

सगळं श्रेय त्यांना देऊ नका. तोपर्यंत करडई वाळायला लागते, कोवळा शेंडाच राहत नाही, माव्याला खाणारे ढालकिडे आणि सिरफिड माशीच्या अळ्या पण वाढलेल्या असतात, आणि उष्णता माव्याला स्वतःलाही सोसत नाही. पण बॅक्टेरियाचा वाटा आहे हे नक्की, आणि त्याचा एक प्रयोग मला इतका आवडतो की सांगतेच.

वाटाण्यावर जो हिरवा मावा असतो त्याच्यावर २००७ मध्ये अमेरिकेत काम झालं. उष्णता वाढली की पेशीतली प्रोटीनं विस्कटू नयेत म्हणून बॅक्टेरिया एक राखणदार प्रोटीन बनवतो. काही माव्यांमधल्या बुखनेरात, हे राखणदार चालू करायची जी कळ असते ना, तिच्यातलं एक अक्षर गळालेलं सापडलं. ६ लाख ४० हजारातलं एक. अशा माव्याच्या पिल्लांना फक्त चार तास ३५ अंशात ठेवलं तर त्यांना पुढे पिल्लंच झाली नाहीत किंवा नगण्य झाली. ज्यांच्या बॅक्टेरियात अक्षर शाबूत त्यांना विशेष काही झालं नाही. गंमत अशी की थंड हवेत हेच एक अक्षर कमी असलेले मावे लवकर पिल्लं द्यायला लागतात. म्हणजे थंडीत फायदा आणि उन्हात कपाळमोक्ष. मावा स्वतः तोच, फरक भाडेकरूत.

आणि काळी_माती दादा, तुमच्या रानासाठी ह्यातली कामाची गोष्ट म्हणजे युरिया. नत्र जास्त पडलं की रसात साधी अमिनो आम्लं वाढतात, आणि साध्या मालापासून हवा तो माल बनवणारा कारखाना माव्याच्या अंगात चोवीस तास चालू आहेच. त्यामुळे हिरवंगार लुसलुशीत पीक बघून आपल्याला बरं वाटतं आणि त्यालाही.

काळी_माती

युरियाचं पटलं, शेजारच्या रानात जास्त दिलाय तिथं मावा पण जास्त आहे. पोरीला सगळं वाचून दाखवलं, आजीच्या पोटात नात हे ऐकून ती तिच्या आजीकडंच बघायला लागली. भिंग मागवलंय.

आज शेंडे बघताना एक नवीन दिसलं. काही मावे काळे नाहीत, तपकिरी-सोनेरी, फुगून टम्म झालेले, हलत नाहीत, पानाला चिकटलेले. दोन-तीनाच्या पाठीला गोल भोक, सुईनं पाडल्यासारखं. हा कुठला रोग आहे का? बॅक्टेरिया बिघडल्यामुळं?

भिंगवाली

अरे वा! हा रोग नाही, ही तुमची फुकटची फौज आहे. त्याला ममी म्हणतात. एक बारीकशी गांधीलमाशीच्या जातीची माशी असते, डोळ्याला चिलटाएवढी दिसते. ती शेपूट पायांमधून पुढे वाकवून माव्याच्या अंगात क्षणात अंडं टोचून जाते. आत अळी होते, ती मावा आतून खाते, मग त्याच्या रिकाम्या कातडीतच कोष करते आणि शेवटी ते गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. भोक नसलेल्या ममी म्हणजे अजून आत माशी आहे.

आणि इथे बॅक्टेरियाचा दुसरा अध्याय येतो. बुखनेरा अन्न देतो, तो जवळजवळ प्रत्येक माव्यात असतोच. पण काही माव्यांत त्याच्या सोबतीला आणखी एखादा ज्यादा बॅक्टेरिया असतो, असला तर असला नाहीतर नाही. वाटाण्याच्या माव्यात असे बरेच सापडलेत. एक उष्णतेत सांभाळतो, एक बुरशीच्या रोगापासून वाचवतो. आणि हॅमिल्टोनेला नावाचा आहे तो माव्याला ह्या माशीपासून वाचवतो, २००३ मध्ये हे पहिल्यांदा सिद्ध झालं. माशी अंडं टोचते, पण आत अळी मोठीच होत नाही, मरते, मावा जगतो. नंतर कळलं की हे विष हॅमिल्टोनेलाचं स्वतःचं नाहीच, त्या बॅक्टेरियाच्या आत एक व्हायरस राहतो आणि विषाची जनुकं त्या व्हायरसकडे आहेत. व्हायरस निसटून गेला की बॅक्टेरिया असूनही संरक्षण शून्य.

मग सगळ्याच माव्यांनी हा अंगरक्षक का ठेवला नाही? कारण त्यालाही पोसावं लागतं. आसपास माशा नसतील तर असा मावा बिनअंगरक्षकाच्या माव्यापुढे मागे पडतो. गल्लीत चोरच नसतील तर वॉचमनचा पगार कशाला.

गहू_निवडणारी

मी शेतीतली नाही, नागपूरकडची, घर सांभाळते, पण धागा वाचत होते आणि माझ्या डब्यातल्या तांदळाचं विचारावंसं वाटलं. टोके झालेत, सोंडवाले. काल सुपात पाखडताना लक्षात आलं की काही टोके काळेकुट्ट आणि काही लालसर फिकट, जणू वेगळ्याच जातीचे. आता तुमचं हे सगळं वाचल्यावर प्रत्येक किड्यात कोण आहे असं वाटायला लागलंय, सासूबाई म्हणतात आधी तांदूळ उन्हात टाक.

आठवीचे_सर

सासूबाईंचं ऐका. पण निरीक्षण झकास आहे. फिकट लालसर आहेत ते बहुतेक दाण्यातून नुकतेच बाहेर पडलेले कोवळे, कवच अजून पिकलेलं नाही. आणि ते पिकवण्यातच बॅक्टेरिया आहे. तांदळाच्या दाण्यात पिष्ट भरपूर, पण कवच टणक आणि काळं करायला टायरोसिनसारखी जी अमिनो आम्लं लागतात त्यांची चणचण. टोक्याच्या अंगात सोडालिस जातीचा बॅक्टेरिया असतो तो ती पुरवतो. टोका प्रौढ झाला की पहिल्या काही दिवसांत त्यांची संख्या एकदम वाढते, कवचाचं काम जोरात चालतं. काम संपलं की टोका काय करतो, तर आतड्याजवळचे ते सगळे बॅक्टेरिया स्वतःच पचवून टाकतो. दोनेक आठवड्यांत साफ. फ्रेंच संशोधकांनी २०१४ मध्ये हे सविस्तर दाखवलं. मादीच्या अंडाशयात मात्र थोडे राखून ठेवतो, पुढच्या पिढीसाठी, बियाण्यासारखे. ज्या टोक्यांमधून लॅबमध्ये बॅक्टेरिया काढून टाकले ते जगले, पण कवच पातळ राहिलं.

ताई, बघा, बांधकाम झाल्यावर गवंड्याचा हिशोब करायच्या ऐवजी गवंडीच खाल्ला.

फवारणी_पंप

ह्या सगळ्या गप्पा ठीक आहेत पण माझा मुद्दा पैशाचा आहे. मी गेली पाच-सहा वर्षं बघतोय, एखादं औषध पहिल्या वर्षी मारलं की कीड झाडावरनं गळून पडते, दुसऱ्या वर्षी डोस वाढवा, तिसऱ्या वर्षी पाणी मारल्यासारखं, काही रिझल्ट नाही. कंपनीचा माणूस म्हणतो किडीत प्रतिकारशक्ती आली. ती बॅक्टेरियामुळं येते असं पण असतं का? म्हणजे दुकानदार अगदीच चुकीचा नव्हता असं म्हणायचं का मग?

भिंगवाली

बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती किडीच्या स्वतःच्या जनुकांत येते. जी मरत नाही तिचीच पिल्लं पुढे वाढतात, ह्याला बॅक्टेरिया लागत नाही. पण बॅक्टेरियामुळे येते असं एक पक्कं उदाहरण आहे आणि ते वाचल्यावर मी तरी जरा गप्प झाले होते.

जपानमध्ये सोयाबीनच्या शेंगांवर एक ढेकूण पडतो, लांबट, शेंगेत सोंड खुपसून दाणा शोषणारा. त्याच्या आतड्यात बर्खोल्डेरिया जातीचे बॅक्टेरिया राहतात. माव्याच्या अगदी उलट, ह्याला आईकडून काही मिळत नाही, प्रत्येक पिल्लू लहानपणी मातीतून नव्याने बॅक्टेरिया घेतं. दर पिढीला नवा गडी ठेवायचा. आता फेनिट्रोथिऑन नावाचं कीटकनाशक मातीत पुन्हा पुन्हा पडलं की मातीत ते विष खाऊन जगणारे बॅक्टेरिया वाढतात. बर्खोल्डेरियात असे आहेत. ढेकणाच्या पिल्लाने तसला उचलला की आतड्यात बसून तो विष मोडून टाकतो आणि ढेकूण औषधाला दाद देत नाही. म्हणजे किडीच्या एका पिढीतच, तिच्या जनुकांत काडीचा बदल न होता, प्रतिकारशक्ती. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फवारा आपण किडीवर मारतो आणि शिकतेय माती.

दुकानदाराचं म्हणाल तर नाही, त्याने ह्यावरचा उपाय म्हणून पुडी सांगितलेली नाही आणि तो उपायही नाही. तेच तेच औषध परत परत मारू नका, गट बदला, एवढंच ह्यातून निघतं. ते तुम्हाला कंपनीच्या माणसाने पण सांगितलं असेल, फक्त त्याच्याच दुसऱ्या बाटलीचं नाव घेऊन.

ज्वारी_बाजरी

कपाशीवर पिठ्या ढेकूण पडला होता आमच्याकडं, २००७ च्या आसपास, पांढरा कापूस लावल्यासारखी झाडं. त्याच्यात पण असतं का असलं काही?

भिंगवाली

पिठ्या ढेकूण म्हणजे ह्या सगळ्यांचा बाप आहे. ह्या कुळातल्या कित्येक जातींत बॅक्टेरिया असतो, आणि त्या बॅक्टेरियाच्या आत दुसरा बॅक्टेरिया. खरंच आत. लिंबूवर्गीय झाडांवर जी जात असते तिच्यात बाहेरच्याचा जीनोम जेमतेम १ लाख ३९ हजार अक्षरांचा. एवढ्यात स्वतंत्र जगणं सोडाच, स्वतःचं प्रोटीन धड बनवायची सगळी हत्यारं पण त्याच्याकडे नाहीत. एक अमिनो आम्ल बनवायला काही पायऱ्या आतला करतो, काही बाहेरचा, आणि काही ढेकूण स्वतः. एका घरात तीन चुली आणि पोळी लाटणार एक, भाजणार दुसरा, तूप लावणार तिसरा.

काळी_माती दादा, तुमच्याकडून काही खबर? मावा बांधाच्या कडेनेच जास्त आहे की आतपर्यंत गेलाय, ते पण सांगा. करडईत तो कडेच्या ओळींतून आत शिरतो, आतल्या बाजूला कमी असेल तर सगळं रान भिजवायची गरज नाही.

काळी_माती

उशीर झाला उत्तराला, लाईट नव्हती दोन दिवस.

कडेच्या पाच-सहा ओळी भरलेल्या आहेत, आत तुरळक. म्हणून फक्त कडा मारल्या, आणि पुडी घेतली नाही. दुकानदार म्हणला मग नंतर माझ्याकडं येऊ नका. मी म्हणलं बरं. आत जिथं ममी दिसतात तिकडं पंप नेलाच नाही.

भिंग आलं. पिल्लू बाहेर येताना बघितलं, खरंच बूड आधी. पोरीनं व्हिडिओ काढलाय पण हात हालल्यामुळं नुसता काळा ठिपका नाचतोय. तिनं एका शेंड्यावरच्या फुगलेल्या मोजल्या, २३ निघाल्या, त्यातल्या ९ ना भोक. बाकीच्या १४ पानासकट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्यात, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय, माश्या निघाल्या की मॅडमना दाखवणार आहे. वहीत तिनं लिहून ठेवलंय की ह्या १४ जणांकडं वॉचमन नव्हता.

भिंगवाली

मच्छरदाणी नको हो! त्या भोकांतून त्या माश्या आरामात निघून जातात. मलमलचं फडकं नाहीतर जुन्या धोतराचा तुकडा लावा, रबरबँड घट्ट. आणि बरणी उन्हात ठेवू नका, लोणच्याचा वास पण राहिला नसेल ना?

काळी_माती

वास आहे थोडा. फडकं आत्ता बदललं. मोजून बघितल्या, भोकं तीन पडलीत आणि बरणीत माशी एकच आहे.